फोटो काढण्याआधी उजेड बघा: नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्यांसाठी

आधी एक छोटी गोष्ट करून बघा. दिवसा खोलीतले दिवे बंद करा, खोलीच्या मधोमध उभे राहा, एक हात समोर लांब करून पंजा आपल्याकडे उघडा आणि त्याच्याकडे बघत जागच्या जागी सावकाश गोल फिरा. खिडकी पाठीशी असेल तेव्हा पंजा सपाट दिसेल, त्यावरच्या रेषा पुसट वाटतील. खिडकी बाजूला आली की प्रत्येक रेष, बोटाचं प्रत्येक पेर उठून येईल. खिडकीकडे तोंड केलंत की पंजा काळवंडेल आणि बोटांच्या कडा मात्र उजळतील.

हात तोच, खोली तीच, वेळही तीच. बदलली ती फक्त उजेडाची दिशा. हा फरक एकदा दिसायला लागला की फोटो सुधारायला लागतात, मग हातात साधा फोन असो की महागडा कॅमेरा. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवलाय: आधी उजेड, मग उभं राहायची जागा, मग फोकस आणि शेवटी आकडे. बरेच जण आकड्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच कंटाळून कॅमेरा ऑटोवर टाकून देतात.

सुरुवातीची पाच मिनिटं

लेन्स पुसा. फोनची लेन्स दिवसभर बोटांखाली येते, तिच्यावर तेलकट थर बसतो आणि दिव्यांभोवती धुरकट वलयं दिसू लागतात. मऊ, स्वच्छ सुती किंवा चष्म्याचं कापड पुरे. मग सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा, म्हणजे पडद्यावर उभ्या-आडव्या दोन-दोन रेषा दिसतील. फोनवर दोन बोटांनी ताणून झूम करायची सवय असेल तर ती सोडा. फोनमध्ये वेगळी टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर ती जरूर वापरा, पण तिच्या पलीकडचा झूम म्हणजे फक्त चित्राचा तुकडा कापून मोठा करणं. ते काम नंतर घरी बसूनही करता येतं.

उजेड कुठून येतोय?

माझ्या आजीचा एक चांगला फोटो मला हवा होता. ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती, डोक्यावर छताचा दिवा. आठ-दहा फोटो काढले आणि सगळ्यांत तिच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, नाकाखाली सावली, कपाळावर चमक. वरून येणारा उजेड चेहऱ्याशी असाच वागतो. शेवटी दिवा बंद केला, खुर्ची उचलून खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि खिडकी तिच्या डाव्या बाजूला, जराशी पुढे येईल अशी वळवली. एका क्षणात चेहरा बदलला. डाव्या गालावर मऊ उजेड, उजवीकडे हळूहळू गडद होत जाणारी सावली, त्या दोन्हींच्या मध्ये सुरकुत्यांची सगळी नक्षी. आणि डोळ्यांत खिडकीचा एक छोटा पांढरा चौकोन. डोळ्यांतला हा ठिपका नसेल तर माणूस फोटोत निर्जीव वाटतो. तो आहे की नाही हे मी आता क्लिक करण्याआधी दर वेळी बघते.

एक अडचण उरली होती, तिच्या चष्म्याच्या काचेत सगळी खिडकी दिसत होती. तिला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली, चष्म्याच्या काड्या कानांवर थोड्या वर सरकवल्या, प्रतिबिंब निघून गेलं. "झालं का गं?" म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं, तोच फोटो ठेवला.

यामागचं कारण समजून घेतलं तर ते कुठेही वापरता येतं. उजेडाचा स्रोत फोटोतल्या वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. छताचा बल्ब लहान, म्हणून सावलीची कड धारदार. जवळची खिडकी मोठी, म्हणून कड विरघळते. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य असला तरी आकाशात तो टिकलीएवढाच दिसतो, त्यामुळे कडक उन्हात सावल्या कापल्यासारख्या पडतात. तोच सूर्य ढगाआड गेला की अख्खं आकाश दिवा बनतं आणि सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. ढगाळ दिवशी कॅमेरा घरी ठेवणाऱ्यांना मी नेहमी सांगते, माणसांचे फोटो काढायला हाच दिवस. फक्त पांढरं, रिकामं आकाश चौकटीत कमीत कमी येऊ द्या.

भर दुपारी बाहेर असाल तर एखाद्या भिंतीची किंवा छपराची सावली शोधा. त्या सावलीच्या अगदी कडेला, आतल्या बाजूला माणसाला उभं करा आणि त्याचं तोंड उघड्या आकाशाकडे असू द्या. डोळे बारीक होत नाहीत, चेहऱ्यावर उजेडही भरपूर राहतो. सकाळी सूर्य उगवल्यानंतरचा आणि संध्याकाळी मावळण्याआधीचा तासभर वेळ वेगळाच असतो: उजेड तिरपा, उबदार, आणि जमिनीचा प्रत्येक उंचसखलपणा दाखवणारा. सूर्य मावळला म्हणून लगेच निघूही नका. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आकाश गडद निळं होत जातं आणि दिव्यांचा पिवळा रंग त्यावर सुरेख उठतो.

घरात आणखी एक घोटाळा होतो. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा नारिंगी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तर उजेड पिवळा, जास्त तर निळसर. घरातल्या पिवळ्या बल्बचं हे रंगतापमान साधारण २८०० केल्विन, दुपारच्या उन्हाचं ५५०० च्या आसपास, मोकळ्या सावलीचं ७००० च्या घरात. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय, यातला एकच सांभाळू शकतो. म्हणून दोनपैकी एक उजेड बंद करा. दिवस असेल तर दिवा घालवा, रात्र असेल तर सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा.

फ्लॅशबद्दल थोडक्यात सांगायचं तर सुरुवातीचे काही महिने तो बंदच ठेवा. लेन्सच्या अगदी शेजारून जाणारा उजेड चेहरा सपाट करतो आणि मागचं सगळं अंधारात बुडवतो. त्याचा खरा उपयोग भर उन्हात होतो: माणसाच्या पाठीमागे सूर्य असेल तेव्हा काळवंडलेला चेहरा तो थोडा उजळून देतो.

कुठे उभं राहायचं

आपण उभे असतो तिथूनच फोटो काढतो, ही सवय मोडायला वेळ लागतो. लहान मुलाचा फोटो उभ्याने काढला तर त्यात डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, शिवाय मागे नुसती फरशी. गुडघ्यावर बसा, गरज पडली तर पालथे पडा, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. फोटो बघणारा लगेच त्याच्या जगात जातो. प्राण्यांचंही तसंच.

चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सने फोटो काढला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. यात लेन्सचा दोष नाही, हा अंतराचा परिणाम. कॅमेरा नाकापासून तीस सेंटीमीटरवर असेल तर कान त्याच्या जवळजवळ दीडपट लांब असतात. दोन मीटरवर गेलात की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो आणि चेहरा आपल्याला ओळखीचा असतो तसा दिसतो. म्हणून चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटर मागे या, आणि तिथून टेलिफोटो लेन्स वापरा किंवा नंतर कापून घ्या.

मागे काय आहे ते बघणं हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काम. डोळा माणसाकडे बघतो तेव्हा मागचा खांब, लटकणारी वायर, उघडा दरवाजा आपला मेंदू गाळून टाकतो. कॅमेरा गाळत नाही, त्यामुळे घरी आल्यावर डोक्यातून उगवलेला खांब दिसतो. उपाय सोपा आहे. क्लिक करण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी. नको ते दिसलं तर एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. आणि माणसाला भिंतीला चिकटवून उभं करू नका, त्याला दोन-तीन मीटर पुढे आणा. सावली भिंतीवर पडत नाही, मागचं धूसर व्हायलाही मदत होते.

चौकटीतली मांडणी

ग्रिडच्या रेषा जिथे छेदतात तिथे मुख्य वस्तू ठेवायची, या तृतीयांश नियमाबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. सुरुवातीला तो जरूर पाळा, कारण त्यामुळे सगळं मधोमध ठेवायची सवय सुटते. माणूस ज्या दिशेला बघतोय त्या बाजूला जास्त जागा सोडा. क्षितिज सरळ ठेवा, समुद्र कलंडलेला दिसला की फोटोतलं बाकी काहीच दिसत नाही. पाय घोट्यात, हात मनगटात कापू नका, कापायचाच तर मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा. याउपर एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा फोटो कशाचा आहे? उत्तर एका शब्दात आलं नाही तर आणखी जवळ जा किंवा काहीतरी चौकटीबाहेर काढा.

फोकस

फोनवर पडद्यावर बोट टेकवा, फोकस तिथे जातो. बोट तसंच दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेडाचं माप दोन्ही तिथेच बांधले जातात. मग सूर्याच्या चिन्हावरून किंवा पट्टीवरून बोट वर-खाली सरकवून फोटो उजळ-गडद करता येतो. ही एक गोष्ट शिकलात तरी फोनचे फोटो पालटतील.

कॅमेऱ्यावर शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस बसतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. सगळे फोकस बिंदू चालू असतील तर कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, मग ती पुढे आलेली फांदी का असेना. एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. नव्या कॅमेऱ्यांत डोळा आपोआप ओळखायची सोय असते, ती असेल तर खुशाल वापरा. धावणाऱ्या मुलासाठी मात्र सतत फोकस बदलत राहणारा मोड लागतो. एकदा बसून तिथेच थांबणारा फोकस अशा वेळी दर वेळी मागे पडतो.

कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही

कॅमेरा समोरून परत येणारा उजेड मोजतो, पण समोर काय आहे हे त्याला खात्रीने कळत नाही. मापनाच्या मुळाशी गृहीत एकच: सगळं मिळून दृश्य मध्यम करडं असणार. परंपरेने हा करडा म्हणजे १८ टक्के उजेड परत पाठवणारा पृष्ठभाग. त्यामुळे चौकटभर बर्फ असेल किंवा पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या कपड्यांतला माणूस असेल, तर कॅमेरा ते सगळं करडं करून ठेवतो. काळं मांजर काळ्या सोफ्यावर बसलं असेल तर तेही करडंच.

इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उपयोगी पडतं, अधिक-उणे चिन्हाचं बटण. पांढऱ्या दृश्याला अधिक एक, कधी अधिक दीड. काळ्याला उणे एक. पांढऱ्याला अधिक करायचं हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण एकदा करून बघितलं की विसरत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात गडद ते उजळ भाग किती आहेत हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख, दाखवायची सोय असेल तर तीही बघा. आलेख उजव्या कडेला आपटून उंच चढला असेल तर तिथला तपशील जळाला, आणि जळालेलं पांढरं नंतर परत येत नाही. सावलीतलं थोडंफार परत काढता येतं. म्हणून संभ्रम असेल तेव्हा किंचित गडद ठेवलेलं बरं.

आता आकडे

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, किती उजेड पोचणार हे ॲपर्चर आणि शटर ठरवतात, तो चित्रात किती उजळ दिसणार हे आयएसओ ठरवतो. तिघांचंही माप स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एकीकडे एक स्टॉप वाढवला की दुसरीकडे एक कमी करायचा, एवढाच सगळा हिशेब.

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र. आकडा लहान तर छिद्र मोठं, यावर सगळे अडखळतात. खरं तर तो अपूर्णांक आहे: लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, तो जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) भागिले तो आकडा. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, पंचवीस मिलिमीटरचं छिद्र. एफ/१६ म्हणजे ५० भागिले १६, जेमतेम तीन मिलिमीटर. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीत एक घर पुढे गेलं की उजेड निम्मा होतो. छिद्र मोठं असेल तर फोकसमध्ये असलेला पट्टा अरुंद होतो. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर असेल तर जेमतेम चार सेंटीमीटर जागा स्पष्ट येते: डोळे स्पष्ट, कान धूसर. एफ/८ ला तोच पट्टा वीस सेंटीमीटरच्या आसपास जातो. दोन रांगांतल्या माणसांचा फोटो एफ/१.८ वर काढून मागची रांग धूसर आलेली मी स्वतः अनुभवली आहे. तेव्हापासून एकाहून जास्त रांगा असल्या की एफ/५.६ किंवा एफ/८.

शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर हालचाल ठरते. शांत बसलेल्या माणसाला १/१२५ सेकंद पुरतो, खेळणाऱ्या मुलांना १/५००, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास लागतो. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर अर्धा ते एक सेकंद, पण मग ट्रायपॉड हवाच. हात हलल्यामुळे फोटो हलू नये यासाठी जुना ठोकताळा असा: शटरचा वेग १ भागिले लेन्सची फोकल लांबी, निदान एवढा तरी ठेवा. २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/२००. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याला दीडने गुणा, म्हणजे १/३००. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर तुमच्या हाताची थरथर कमी होते, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

वेळेची ही ताकद कळण्यासाठी एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. फ्रान्समध्ये नीसेफोर नीप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून जे चित्र घेतलं, ते आज उपलब्ध असलेलं कॅमेऱ्याने टिपलेलं सर्वांत जुनं छायाचित्र मानलं जातं. त्याला उजेड मिळायला निदान कित्येक तास लागले. तेवढ्यात सूर्य एका बाजूकडून दुसरीकडे सरकला, त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. आपण १/५०० निवडतो तेव्हा उजेडाचा किती बारीक तुकडा उचलतो, याची जाणीव ते चित्र आठवलं की होते.

उरला आयएसओ. तो १०० वर असताना चित्र स्वच्छ, वाढवत नेला की रवाळपणा दिसू लागतो. तरी त्याला घाबरू नका. रात्री दिव्याच्या उजेडातली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण भर उन्हाच्या मानाने तिथे शेकडो पटींनी कमी उजेड असतो; आपले डोळे ते आपल्याला जाणवू देत नाहीत. तिथे आयएसओ १६०० किंवा ३२०० लागणारच. रवाळ पण स्पष्ट फोटो चालतो, हललेल्या फोटोचं काहीच करता येत नाही. मात्र काम संपलं की आयएसओ परत खाली आणा किंवा ऑटोवर टाका. रात्रीचा ३२०० दुसऱ्या दिवशी उन्हात तसाच राहिल्याने माझी अख्खी सकाळ वाया गेली होती.

सुरुवातीला पूर्ण मॅन्युअल नको. ॲपर्चर प्रायॉरिटी घ्या, डायलवर ए किंवा एव्ही. ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल, आयएसओ ऑटो ठेवा आणि मेनूत शटरची किमान मर्यादा १/१२५ करून टाका. यात महिनाभर रुळलात की मग मॅन्युअलकडे वळा.

घरी आल्यावर

काढलेल्यातले बहुतेक फोटो काढून टाका. एकाच क्षणाचे सात फोटो असतील तर एकच ठेवा, आणि तो का ठेवला हे मनात म्हणा. मग क्षितिज सरळ करा, कडा कापा, उजेड आणि रंगाची ऊब जुळवा. बाकी फिल्टरना हात लावायची घाई नको. त्वचा गुळगुळीत करणारी सोय तर वापरूच नका, माणसाचा चेहरा तिने पुसला जातो. कॅमेऱ्यात रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती न छाटता ठेवणाऱ्या फाइलची सोय असेल तर ती चालू करा. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उजेड थोडा चुकला असेल तर सावरायला ही शिल्लक कामी येते. आणि दोन ठिकाणी प्रत ठेवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

पहिल्या महिन्याचा सराव

पहिला आठवडा एकच खिडकी, एकच वस्तू. एखादं भांडं किंवा एखादं फळ चालेल. सकाळपासून दर दोन तासांनी तिचा फोटो काढा, वस्तू हलवू नका. संध्याकाळी सगळे फोटो ओळीने लावून बघा, सावली कशी सरकली, रंग कधी थंड झाला, कडा कधी उठल्या. दुसऱ्या आठवड्यात तीच वस्तू खिडकीजवळ ठेवून तुम्ही तिच्याभोवती फिरा, पंजा बघताना फिरला होतात तसे. तिसऱ्या आठवड्यात वस्तूच्या जागी घरातलं एखादं माणूस बसवा आणि डोळ्यांतला पांढरा चौकोन शोधा. चौथ्या आठवड्यात बाहेर पडा, एकाच फोकल लांबीवर, झूमला हात न लावता. फोन असेल तर मुख्य लेन्स, कॅमेऱ्याची झूम लेन्स असेल तर ती ३५ मिलिमीटरवर ठेवा आणि वाटल्यास चिकटपट्टी लावून टाका. रोज वीसच फोटो. वीस संपले की त्या दिवशी कॅमेरा बंद, आणि परत येताना उजेड नुसता बघत या.